बर्फाच्या पाठीमागची ऊब

नाताळच्या सुट्टीत साविना आत्या डोंगरातल्या गावाहून आमच्याकडे सिबियूला आली, तेव्हा पन्हाळींतून पाणी गळत होतं. थंडीनं दडीच मारली होती. तरी शहराच्या मोठ्या चौकात तयार केलेल्या बर्फाच्या मैदानावर पोरं घसरत होती.

आत्या सत्तरीची. जन्म मेंढ्या राखण्यात नि चीज करण्यात गेलेला. मैदानाच्या कठड्याला टेकून ती म्हणाली, "दोरिना, छपरांवरचा बर्फ वितळला, मग हा का नाही?"

"खाली नळ्या आहेत. त्यांतून काहीतरी गार फिरतं."

"ते गार कोण करतं?"

मला कुठं ठाऊक! "आत्या, चल, गरम वाइन घेऊ."

"तू आण. मी बघून येते."

पेले घेऊन परतले तर आत्या गायब. सापडली ती बर्फाच्या मैदानामागे, फळ्यांच्या आडोशाला. तिथं खोलीएवढं यंत्र घरघरत होतं. त्याच्या जाळीतून गरम वारा येत होता आणि आत्या डोक्याचा रुमाल सोडून त्या वाऱ्यात उभी. शेजारी एक अकॉर्डियनवाला बोटं शेकत होता.

"हात धर इथं," ती म्हणाली. "आपण चीजमधलं पाणी पिळून काढतो ना, तस्सं! गारठा कुणी आत घालत नाही गं, ऊब तेवढी बाहेर काढतात."

"झालं समाधान? चल घरी."

"बघून झालं. त्यावर उभी कुठं राहिलेय अजून?"

मैदानाच्या दारावर घसरायचे बूट भाड्यानं देणारा ओविदियू गडबडला. "आजी, हाड मोडलं तर?"

"हाड माझं, कळ तुला का? बूट दे."

लहान मुलं आधाराला धरतात तो प्लॅस्टिकचा पेंग्विन ढकलत आत्या निघाली. माझा जीव टांगणीला. मधोमध पोचल्यावर, याच्याशिवाय जमतं का बघावं म्हणून तिनं हात सोडला. पेंग्विन निघून गेला, आत्या तिथंच.

"आत्या, हलू नकोस!"

"हलता आलं असतं तर इथं कशाला थांबले असते?"

मग तिनं मान वर करून चौकातली घरं न्याहाळली. छपरांतल्या अर्धमिटल्या डोळ्यांसारख्या खिडक्या एकेक करून बघितल्या. लाल टोपीतली एक तरुणी जवळ आली, तिनं हात दिला. दारापर्यंत आत्याचे प्रश्न चालूच : पाय वाकडा का टाकतेस? थांबतेस कशी? थांबायचं कसं ते पोरीनं दाखवलं. आत्यानं करून पाहिलं आणि फतकल मारून बसली. कठड्यावरचे सगळे "अगंऽऽ" म्हणून ओरडले.

आत्या तळवा बर्फावर फिरवत होती. "वरून ओला आहे हा," ती मला ओरडून म्हणाली, "म्हणून घसरतं!"

सकाळी बर्फ तासणारी गाडी फिरते, असं निघताना ओविदियूनं तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी उठले तर आत्या ती गाडी बघायला कोट चढवून दारात उभी. गावाकडे परतायची बस तिनं खुशाल जाऊ दिली.