मुंगीसाठी डिओ

तिला घरात सगळे मुंगी म्हणत. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढीशी होती म्हणून ते नाव पडलं. आता तेराव्या वर्षी ती आईपेक्षा चार बोटं उंच झाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. आई शहर वाहतुकीच्या बसवर ड्रायव्हर होती. काही वर्षांपूर्वी एका तापात तिची वास घेण्याची शक्ती गेली, ती परत आलीच नाही. डॉक्टरांनी वाट पाहायला सांगितलं, तिने पाहिली, आणि मग वाट पाहणंही सोडून दिलं. डेपोतले लोक म्हणत, ताई, तुम्हीच खऱ्या सुखी. उन्हाळ्यात खचाखच भरलेली बस चालवायची तर नाक असंच हवं. तीही त्यांच्याबरोबर हसायची.

घरी मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, कपडे दमट राहून कुबटलेत का, तिला काही कळायचं नाही. हे सगळं मुंगी बघायची. तिला कुणी ते काम सोपवलं नव्हतं. शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच ती स्वयंपाकघरात एक चक्कर मारायची, झाकणं उघडून हुंगायची, "आई, हे आजच संपव" एवढं सांगायची आणि आपल्या कामाला लागायची. त्यात कधी चेष्टा नसे, की कधी कीव नसे.

मुंगीच्या शाळेतल्या खेळाच्या हॉलमध्ये चढाईची एक उंच भिंत होती. भिंतीवर रंगीत खुंट्या ठोकलेल्या. एकीने कमरेला दोर बांधून चढायचं आणि दुसरीने खाली उभं राहून तो दोर धरायचा. मुंगीला या खेळाचं वेड होतं. ती वर जायला लागली की खालच्या मुली आपापलं सोडून बघत राहत. आईची ड्यूटी लवकर सुटली की तीही युनिफॉर्मवरच तिथे जाऊन बाकावर बसायची, आणि आपल्या पोटी हे असलं माकड कुठून आलं याचं नवल करायची.

त्या दुपारी ती अशीच गेली, तर मुंगी खाली. एक मुलगी चढून आली, दुसरी गेली, तिसरी गेली; मुंगी आपली दोर धरून उभी. बाहेर ऊन रणरणत होतं आणि हिच्या अंगात लांब बाह्यांचा जाड स्वेटर. कोपर बरगड्यांना अगदी चिकटवून धरलेले. खेळाच्या बाईंनी आईला पाहिलं, त्या जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की बरेच दिवस हे असंच चाललंय, चढ म्हटलं की हात दुखतो म्हणते, तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत का? आईला हात दुखत असल्याचा पत्ताच नव्हता.

दोघी घरी चालत निघाल्या. आईने हाताची चौकशी केली. हात दुखत नाही, मुंगी म्हणाली, आणि चार दुकानं तशीच पुढे चालत गेली. मग म्हणाली, "आई, मला वास येतो."

आई थांबली आणि तिने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेला गटाराचं काम चालू होतं, पलीकडे बेकरी होती. "कसला गं?" तिने सवयीने विचारलं.

"माझाच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुंगीची दोरावरची जोडीदारीण म्हणजे वर्गातली एक चष्मेवाली मुलगी, पहिलीपासूनची मैत्रीण. एकदा मुंगीच्या कमरेला दोराची गाठ मारताना तिने तोंड पटकन बाजूला वळवलं. बोलली काहीच नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती दुसरीबरोबर जोडी करायला लागली. मुंगीने घरी येऊन आपला टी-शर्ट हुंगला आणि तिला उमगलं. तेव्हापासून ती दोन वेळा आंघोळ करत होती, आपले कपडे गुपचूप स्वतः धूत होती, बाबांच्या डब्यातली पावडर थापत होती, आणि वास बाहेर येऊ नये म्हणून वर स्वेटर चढवत होती. स्वेटरने घाम दुप्पट येई.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला आला नसता ना वास. मग तुला परत वाईट वाटलं असतं."

 आईला स्वतःचं तेच वय आठवलं. वर्गात ती खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. आपल्याला कसला तरी रोग झालाय अशी तिची खात्री होती, आणि घरात विचारायचं तर कुणाला, हा प्रश्न. दोन उन्हाळे तिने असेच काढले होते. पण तिला निदान स्वतःचीच काळजी होती. ही पोरगी आपलं दुखणं गिळून वर आईचं मन सांभाळत बसली होती. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "चल, आता दोघी मिळून बघू."

बाबा छापखान्यात कामाला होते. संध्याकाळी ते आले तेव्हा आईने त्यांना विचारलं की तुम्हाला तरी कळायला नको होतं का. तेव्हा निघालं असं, की वास त्यांना येत होता. पण तो आपल्याच बुटांचा असं समजून त्यांनी बूट दोनदा धुऊन खिडकीत वाळवले होते. मुलींना पण एवढ्यात असं होतं हे मला काय माहीत, म्हणून त्यांनी चक्क काखा वर केल्या. आईने डोळे वटारले. मुंगी मात्र हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी मोठ्याने हसत होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मोठ्या दुकानात गेल्या. तिथे डिओंची एक आख्खी भिंत होती. काळे डबे, गुलाबी डबे, कशावर बर्फाचे डोंगर, कशावर फुलं, आणि प्रत्येकावर दिवसभर, दोन दिवस टवटवीत राहण्याची हमी. आईने एक डबा उचलून नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. तिच्या लेखी भिंतभर नुसते रंगीत डबे होते. मुंगीने वर्गातल्या मोठ्या मुली वापरतात तो उग्र स्प्रे निवडला, आणि आईनेही मान डोलावली.

त्याने फजिती लगेच झाली. शाळेत कपडे बदलायच्या खोलीत मुंगीने तो असा काही मारला की सगळ्या जणी खोकत बाहेर पळाल्या. आणि पाऊण तासाने घाम आला तेव्हा घामाचा वास होताच, वर फुलांचाही होता. नासक्या दुधात गुलाबपाणी ओतलं तर जसं होईल तसं झालंय, हे तिचं स्वतःचंच वर्णन. पुढे डेपोतल्या एका बाईने घरगुती मलम दिलं. अगदी नैसर्गिक, काही होत नाही म्हणाली. त्याने दोन दिवसांत काखेत लाल चट्टे उठले आणि हात खाली ठेवणंही मुश्कील झालं.

बिचारीच्या नाकी नऊ आले असतील, आता ही हात टेकणार, असं आईला वाटलं. पण मुंगी चट्टे दाखवायला म्हणून औषधांच्या दुकानात स्वतःहून गेली. आईला बरोबर नेलं खरं, पण काउंटरवर बोलली तीच. दुकानात पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. मागे दोन माणसं रांगेत उभी होती, तरी आवाज खाली न आणता मुंगीने विचारलं, "माझ्या काखेला वास येतो. स्प्रेने तो झाकला जात नाही आणि मलमाने पुरळ आलंय. वास मुळातच येऊ नये म्हणून काय असतं?"

रांगेतला एक माणूस छताकडे बघायला लागला. आईचेच कान गरम झाले. बाईंना मात्र प्रश्न आवडलेला दिसला. त्यांनी सांगितलं की ताज्या घामाला तसा फारसा वास नसतो. कातडीवरचे जंतू त्या घामावर पोसतात तेव्हा तो येतो, आणि या वयात घामाच्या ग्रंथी नव्याने जाग्या होतात म्हणून आंघोळ करूनही तो येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नुसता डिओ वास दाबतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करायचा तर बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्यायचं. तुझी कातडी नाजूक आहे, तेव्हा सुगंध नसलेला, सौम्य रोल-ऑन घे. आधी हे चट्टे पूर्ण जाऊ देत. मग थोडासा लावून बघ, आणि त्रास झाला नाही तर झोपण्याआधी, अगदी कोरड्या काखेला लावत जा. सकाळी घाईघाईत ओल्या अंगावर लावलास तर फुकट. आणि फरक पडायला थोडे दिवस दे.

"सुगंध नसलेला" हे ऐकून आईला गंमत वाटली. त्या भिंतभर डब्यांपुढे तिला कळेल असा हा एकच होता.

चट्टे गेले. रोल-ऑन सुरू झाला. काही दिवसांनी प्रश्न उभा राहिला की गुण आला का, हे ठरवायचं कुणी? स्वतःच्या अंगाचा वास स्वतःला नीट कळत नाही, आईचा काही उपयोग नव्हता, आणि बाबांवर मुंगीचा विश्वास नव्हता. बाबा भाजीत मीठ विसरलं तरी छान झालीय म्हणणारे.

"मी तिलाच विचारते," मुंगी म्हणाली.

कुणाला, ते आईला कळलं. त्या दिवशी तिने मुद्दाम ड्यूटी बदलून घेतली आणि हॉलमधल्या बाकावर जाऊन बसली. मुंगीने स्वेटर काढून ठेवला, थोडा वेळ धावून घाम काढला आणि सरळ चष्मेवालीसमोर जाऊन उभी राहिली.

"तू त्या दिवशी तोंड फिरवलंस. बरोबर होतं तुझं. आता मी उपाय केलाय. वास येतो का, खरं सांग."

चष्मेवाली आधी लाल झाली, मग पांढरी पडली. मी काही मुद्दाम नव्हतं केलं, कसं सांगायचं तेच कळत नव्हतं, असं काहीतरी पुटपुटली. मुंगी हलली नाही. शेवटी चष्मेवालीने मान पुढे केली, वास घेतला आणि म्हणाली, "थोडा येतो अजून. पण तुझा नाही, टी-शर्टचा वाटतोय."

मुंगीचा चेहरा पडला नाही. उलट काहीतरी सापडल्यासारखी ती आईकडे वळली. घरी जाऊन तिने खेळाचे सगळे कपडे बाहेर काढले. चकचकीत, निसरड्या कापडाचे दोन टी-शर्ट धुतलेले असूनही काखेत जुना वास धरून बसले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असं म्हणून आईने त्यांना फरशी पुसायच्या कामाला लावलं आणि नवे सुती आणले. खेळून आल्यावर ते गोळा करून टोपलीत कोंबायचे नाहीत, उलटे करून लगेच धुवायचे, हा नियम मुंगीने स्वतःच घातला, आणि बाबांच्या कपड्यांनाही लागू केला.

पुढच्या वेळी चष्मेवालीने वास घेतला आणि नुसती मान हलवली. काही नाही. मग तिने न विचारता दोर उचलला आणि मुंगीच्या कमरेला गाठ मारायला लागली. एवढे दिवस न चढल्यामुळे मुंगी अर्ध्यात घसरली, दोराला लोंबकळली, गुडघा खरचटून घेतला आणि पुन्हा चढली. आई बाकावर बसून बघत होती. मुलगी वर पोचते का, याकडे तिचं फारसं लक्षच नव्हतं. तिला सारखी ती रांग आठवत होती, ते काउंटरवर न दबलेलं बोलणं, आणि ज्या मैत्रिणीने दुखावलं तिच्याचसमोर जाऊन उभं राहणं. आपण एवढी मोठी बस गर्दीतून काढतो, पण हे आपल्याच्याने झालं नसतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

ही गोष्ट तिने डेपोत सांगितली, कारण सांगितल्यावाचून तिला राहवेना. तिथले मेस्त्री, मोठ्या मिशांचे, चारचौघांत कधी तोंड न उघडणारे गृहस्थ, दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना जवळ आले. त्यांचा मुलगा त्याच वयाचा. वासाने त्याच्या खोलीत पाय ठेववत नाही, पण त्याच्याशी बोलायचं कसं? त्यांनी विचारलं, ताई, कुठला घेतलात तुम्ही?

"कुठला ते मी सांगेन," आई म्हणाली, "पण बोलायचं कसं, ते माझ्या मुलीला विचारा. संध्याकाळी येतेय ती इकडे."

मुंगी आली. मेस्त्रींच्या शेजारी टायरवर बसली आणि त्यांना सगळं सांगायला लागली: चारचौघांत बोलायचं नाही, हसायचं नाही, नाकाला हात लावून दाखवायचा नाही, एकदाच सरळ सांगायचं आणि बाटली त्याची त्यालाच निवडू द्यायची. मेस्त्री मिशीवर बोट ठेवून शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. आईची बस सुटायची वेळ झाली होती. तिने इंजिन चालू केलं, पण मुंगीकडे बघत दार लावायला जरा उशीरच केला.