तिसऱ्या रीबोअरनंतरचा दसरा

मित्रांनो, मी एक जुने पेट्रोल इंजिन आहे. ज्या पिकअप गाडीसाठी मी आयुष्यभर चालले, ती गाडी आता माझ्याशिवाय चालते. मी नागपूरच्या सक्करदऱ्याला एका गॅरेजच्या मागे, टिनाच्या शेडखाली पडून आहे. कोणी कधी माझ्यावर बसून चहा पितो. तक्रार नाही. थकलेल्याला पडून राहण्याचे वाईट वाटत नाही.

माझा जन्म ओतीव लोखंडाचा. कारखान्यात माझ्या अंगात चार गोल विहिरी कोरल्या आणि त्यांच्या भिंती आरशासारख्या घासल्या. त्या विहिरींतून चार दट्टे, म्हणजे पिस्टन, खालीवर धावत. दट्टा आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, ती रिंगा झाकतात आणि तेल भरून काढते. माझे सगळे बळ त्या फटीत होते. ती लहान राहिली तर मी जोरात, ती वाढली की मी म्हातारे. माझे वय वर्षांत मोजू नका, त्या फटीत मोजा.

मी पहिली काही वर्षे कोणासाठी चालले ते आता नीट आठवत नाही. मला आठवतो तो बळीराम. त्याने ही गाडी जुनीच घेतली. उमरेडच्या अलीकडे त्याचे गाव. तिथून वांगी, टमाटे घेऊन आम्ही नागपूरला येत असू आणि परतताना उमरेडच्या विणकरांसाठी सुताच्या गाठी नेत असू. एकदा मैलांचा आकडा सगळे नऊ ओलांडून पुन्हा सगळ्या शून्यांवर आला. बळीरामने त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले. "गाडी नवी झाली गा!" असे तो सगळ्यांना सांगत होता. आकडा नवा झाला होता, मी नव्हते.

कारण मला दोनदा उघडून झाले होते. मित्रांनो, दुरुस्ती म्हणजे काही तरी भरून काढणे, असे तुम्हाला वाटत असेल. माझ्या बाबतीत उलटे होते. भिंत झिजून वेडीवाकडी झाली की ती सरळ करण्यासाठी आणखी घासतात. याला रीबोअर म्हणतात. विहीर थोडी रुंद होते आणि तिच्यात थोडा मोठा दट्टा बसवतात. म्हणजे प्रत्येक वेळी दुरुस्त होताना मी थोडे कमी झाले. भिंतीत लोखंड किती उरले आहे, हे घासणाऱ्या यंत्रानंतर मलाच ठाऊक होते.

तिसऱ्या वेळेची गोष्ट सांगते. अठ्ठ्याहत्तर साल होते. मागे निळा धूर, चढावर धाप आणि पेट्रोलपेक्षा तेलाचीच भूक जास्त, अशी माझी अवस्था झाली होती. बळीरामने मला महादेवरावांच्या याच गॅरेजमध्ये आणले. दोघांची ओळख जुनी. भेटले की बळीराम म्हणे, "राम राम, महादेवराव," आणि महादेवराव म्हणत, "जय भीम, बळीरामभाऊ." प्रत्येक जण दुसऱ्याचा नमस्कार करी.

महादेवरावांनी माझ्या विहिरींत बोट फिरवले आणि मान हलवली. "हे शेवटचं रीबोअर. याच्या पुढं घासाले भिंतच नाही."

"चालन त खरं ना?"

"चालन. पण दसऱ्याले पाहिजे म्हणतं, तेवढं जमवा लागन."

दसरा हवाच होता. बळीरामची आई रुखमाबाई छप्पन साली नवऱ्यासोबत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालत नागपूरला आली होती आणि लाखो लोकांमध्ये उभी राहून तिने दीक्षा घेतली होती. त्यानंतर दर दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर जाई. पण आता तिचे गुडघे गेले होते. आदल्या वर्षी ती एसटी स्टँडपर्यंत गेली, तिला बसच्या दारातल्या गर्दीत चढता आले नाही, आणि ती परत आली.  या वर्षी तिला श्वासाचाही त्रास होता. बळीरामने तिला शब्द दिला होता, की मी तुला पुढच्या सीटवर बसवून नेतो.

घासण्याचे काम बाहेरच्या वर्कशॉपमध्ये झाले, तिथे वीज जात राहिली, दिवस गेले. अष्टमीला माझे दट्टे बसले. पण वरच्या झाकणाखाली जे पॅकिंग लागते, ते बाजारात मिळेना. नवमीला सकाळी बळीराम ते शोधून घेऊन धावत आला, तेव्हा गॅरेज झाडून-पुसून स्वच्छ होते. एका पाटावर महादेवरावांचे पाने, हातोडे, पकडी मांडल्या होत्या. त्यांच्या पत्नी इंदूबाई प्रत्येकाला हळद-कुंकू लावत होत्या. मी उघडे पडले होते, तर मलाही एक बोट कुंकू लागले.

"हे काय करून राहिले महादेवराव?"

"आज खंडेनवमी हाये ना भाऊ. हत्यारं पाटावर बसले. आता परवाच उठतीन."

"परवा? अन् उद्या दसरा!"

"मले का मालूम नाही? पण बसलेलं हत्यार उचलत नसतात. माह्या बापानं कधी उचललं नाही."

 बळीराम हातातले पॅकिंग उलटसुलट करत उभा राहिला. त्या वेळी इंदूबाईंनी कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"काहून गा बळीराम, तुह्या गाडीत पान्याची पेटी हाये ना?"

"हाये वहिनी."

"मंग ते पाने कुठं पाटावर बसले? त्याईची त कोणी पूजाच केली नाही."

महादेवराव म्हणाले, "अवं, पण हात त माहेच हायेत ना!"

"मंग हात मांडीखाली ठेवा. तोंडाले त सुट्टी नाही तुमच्या? वर्षभर नसते."

महादेवराव खरोखरच स्टुलावर बसले, हात मांड्यांखाली दाबून. आणि बळीरामने आपली गंजकी पेटी उघडली.

त्याने झाकण बसवले आणि कोपऱ्यातला नट आवळायला घेतला.

"अबे थांब! पोत्याचं तोंड शिवून राहिला का? मधून सुरू कर. मधून बाहेर!"

हे खरे आहे. चादर अंथरताना आपण मधून कडेकडे हात फिरवतो, तेव्हा ती सपाट बसते. झाकणाचेही तसेच. कडेने आधी आवळले तर मध्ये पोट सुटते आणि मग पाणी, तेल आणि आग एकमेकांत जातात.

बळीरामने सगळे सैल करून मधून घेतले. एक फेरा, दुसरा फेरा. "झालं?" "झालं." "नाही झालं. पाना कुरकुरला का?" "कुरकुरला." "मंग अजून जरासा आवळ." महादेवराव पुढे वाकत, हात बाहेर येत, इंदूबाई नुसत्या बघत, आणि हात परत मांड्यांखाली जात.

मग माझ्या झडपांची वेळ आली. झडप आणि तिला दाबणारा दांडा यांत अगदी बारीक फट ठेवावी लागते. ती मोजण्याच्या पोलादी पट्ट्या तर पाटावर बसलेल्या. पेटीत तसे काही नव्हते. इंदूबाई आतून एक जुनी लग्नपत्रिका घेऊन आल्या. महादेवरावांनी ती बोटांत चोळून पाहिली. "जाडी बरोबर हाये. काप पट्टी."

बळीराम फटीत कागद घालून ओढू लागला.

"सरकते का अडते?"

"सरकते... अडते बी."

"अरे बाबा, एक काही सांग ना!"

"तेच त सांगून राहिलो, दोन्ही करते!"

महादेवराव उठले. "सरक तिकडं. कागद काही हत्यार नाही." आणि त्यांनी आठही झडपांत ती पट्टी स्वतः ओढून पाहिली. डोळे मिटून, फक्त बोटांनी. पाना मात्र बळीरामच्याच हातात राहिला.

तिसऱ्या प्रहरी मी सुरू झाले. आवाज स्वच्छ होता. महादेवराव बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "पहिले हजार मैल वीसच्या वर काटा नाही. मागं वजन नाही. समजलं?"

"उद्या सारी वस्ती बसाले तयार हाये, महादेवराव."

"मंग आज वस्तीले सांग. नाहीतर उद्या मले सांगाले येशील."

यामागचे कारण तुम्हाला सांगायला हवे. नवी घासलेली भिंत हाताला गुळगुळीत लागते, पण भिंगातून पाहिली तर तिच्यावर बारीक उंचवटे असतात. नव्या रिंगांवरही असतात. ते एकमेकांना हळूहळू घासून सपाट करतात. या दिवसांत पळवले किंवा ओझे लादले, तर तिथे इतकी उष्णता होते की लोखंड लोखंडाला चिकटते आणि ओरखडे पडतात. पुन्हा घासायला माझ्याजवळ भिंत नव्हती.

त्या रात्री आम्ही हळूहळू गावी पोचलो, आणि दसऱ्याच्या सकाळी पांढरे कपडे घालून चाळीसेक माणसे गाडीपाशी उभी होती. बळीरामला नाही म्हणता येईना. तो टायर बघतो, काच पुसतो. मुले मागे चढूनही बसली. गाडीचे स्प्रिंग दबले तसे मला त्या ओझ्याचे भय वाटले.

रुखमाबाई पुढच्या सीटवरूनच बोलली. "उतरा गा सारे. ज्याईचे पाय गेले ते बसा, अन् ज्याईच्या कडेवर लेकरू हाये ते बसा. बाकीच्याईले पाय हायेत. छप्पन साली कोणती मोटर होती?"

एक तरुण कुरकुरला, "आजी, तू त बसली ना पुढं!"

"बसली. तुह्याएवढी होती तवा चालली. तूबी म्हातारा झाला की बस, मी नाही म्हणणार नाही."

लोक हसले आणि उतरले. कोणी सायकली काढल्या, कोणी बसच्या थांब्याकडे गेले. सात-आठ जण तेवढे मागे राहिले.

मी वीसवर चालले. ट्रक मागून भोंगे वाजवत आणि शिव्या देत पुढे जात. पाचगावच्या पुढे रस्ता चढतो, तिथे मला ताप चढू लागला. उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि मी रांगू लागले. आमच्या आधी निघालेली आणि नुकतीच मागे पडलेली सायकलवाली पोरे मागून आली. "बळीरामभाऊ, धक्का मारू का गा?" म्हणत पुढे गेली. बळीरामचा चेहरा उतरला. त्याचा पाय दाबला गेला. एका दमात चढून जावे, असे त्याच्या मनात आले असावे. माझ्या दुसऱ्या विहिरीत रिंग खरखरली.

"काहून घाई करतं गा?" रुखमाबाई म्हणाली.

"उशीर होऊन राहिला ना माय. मागच्या साली बी..."

"मागच्या साली मी पोचली नाही. यंदा पोचाचं हाये, पळाचं नाही. थांबव."

त्याने पाय उचलला. कडेच्या निंबाखाली आम्ही थांबलो. बॉनेट उघडून मला वारा दिला. मागच्या बायांनी शिदोरी सोडली. मी थंड होईपर्यंत कोणी पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात लावला नाही. असे आम्ही तीनदा थांबलो.

शहरात पोलिसांनी गाड्या जिथे अडवल्या होत्या, तिथे बळीरामने मला बंद केले. दिवस कलला होता. त्याने आईला उतरवले. एका बाजूने त्याने, दुसऱ्या बाजूने शेजारणीने धरले. पुढे माणसांचा महापूर होता. दहा पावले चालायची, थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावले, अशी ती गेली. गर्दीने तिच्यासाठी वाट केली. मी तिचे पांढरे लुगडे दिसेनासे होईपर्यंत बघत होते.

त्या हिवाळ्यातच रुखमाबाई वारली. बळीरामने हजार मैल नेमाने पाळले, आणि त्या पातळ भिंतींवर मी आणखी सहा वर्षे चालले. मग पेट्रोल परवडेना, म्हणून माझ्या जागी डिझेलचे इंजिन आले. ते बरोबरच झाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, असे मी म्हणणार नाही. कधी तरी टाकाव्या लागतातच. माझे मागणे लहान आहे. जे नुकतेच दुरुस्त झाले आहे, त्याला लगेच पळवू नका. मग ते यंत्र असो, की दवाखान्यातून घरी आलेला माणूस. तो बरा दिसतो, त्याचा आवाज स्वच्छ येतो, म्हणून त्याच्यावर सगळी वस्ती चढवू नका. आतले उंचवटे अजून जुळायचे असतात. मागून भोंगे वाजतील. वाजू द्या.