सासूला खांदा

बाईनं खांदा द्यायचा नसतो, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. पर सासूच्या बाजेला चार माणसं पुरी व्हईनात, तर मी काय करावं? तोंडाला पदर लावून बसावं?

माझी सासू चतुराबाई पहाटं गेली. लय दिवस अंथरुणाला खिळून व्हती. माझा नवरा तिच्या आधीच गेलेला, आन् धाकटा दीर गोपाळ वाटणी झाल्यापून वरल्या आळीत. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. तिची कूस बदलायची, धुवायचं, भरवायचं, आन् वरून तिच्याच शिव्या खायच्या. कंबर गेली माझी. रविवारी पालमला प्रार्थनेला जायची, तेवढाच काय तो दम खायला मिळायचा. येशूचं नाव आधी मी घेतलं, मागून म्हातारीनं घेतलं. गेल्या उन्हाळ्यात तीच मला बोलली, "सविता, मला जाळू नको गं. तुमच्या लोकांत ठेवतेत तसं मातीत ठेव. प्रार्थना करून."

गोपाळला हे सांगितलं तर तो भडकला. "मी तिचा लेक हाय. आग मीच द्यायची. ते नसंल व्हत, तर खांदा बी देणार न्हाई." त्याचं बघून भावकीतलं एक बी माणूस उठलं न्हाई. मी बी काय कमी न्हाई. म्हणलं, "नको देऊ! जित्तेपणी कवा उचललीस तिला, आता उचलायला?" लय लागलं त्याला. लागू दे, म्हणलं.

आमच्या प्रार्थनेच्या मंडळीतली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली. पालमहून पास्टर योगीराज आले, संगं मंडळीतलेच सिताराम मामा आन् बबिता. बास, एवढेच. मामानं आन् पास्टरनं आमच्याच रानात बांधाच्या कडंला खड्डा घेतला. मग पुढं ते दोघं आन् मागं बबिता आन् मी, अशी बाज उचलली. दारादारात बाया उभ्या व्हत्या. कुणी हासलं न्हाई, कुणी पुढं बी आलं न्हाई.

म्हातारी वाळून काटकी झाल्ती, पर बाज बाभळीची. दोन गल्ल्या वलांडस्तोर माझा खांदा सोलून निघाला. मनात प्रभूशी भांडतच चालले. म्हणलं, ताकद दे, ताकद दे म्हणून गुडघे झिजवले मी तुझ्यापुढं. कुठं हाय ती ताकद? कुणाला देऊन बसलास?

गावाबाहेर वढ्याच्या अलीकडं विसाव्याची जागा हाय. मयत तिथं खाली टेकवायचं, पुढच्यांनी मागं व्हायचं, मागच्यांनी पुढं, आन् मग उचलायचं, ही गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पास्टर मला म्हणाले, "ताई, इथं टेकवायचं न्हाई. ही रीत आता आपली न्हाई. सरळ चला."

सरळ चला म्हणं! चार पावलं गेले आन् डोळ्यांपुढं अंधारी आली.

"चुलीत गेली रीत, पास्टर," म्हणलं. "माझा खांदा मोडायलाय. टेकवा खाली!"

पास्टरनं गुमान टेकवली. त्यांना बी धाप लागल्तीच की.

मी तिथंच मातीत बसले. वाटलं, हितूनच माघारी जावं. ज्याची माय हाय त्यानं न्यावी, मी काय जन्माचा ठेका घेतलाय का? बाजेवर डोस्कं टेकलं आन् रडू फुटलं. सकाळपून डोळ्याला टिपूस नव्हतं आलं. "प्रभू, माझ्यानं व्हत न्हाई," एवढंच म्हणलं. ताकद दे म्हणलं न्हाई, कायबी मागितलं न्हाई. आभाळातून आवाज आला न्हाई का काय झालं न्हाई. पर रडता रडता राग गळून गेला. बाजेपरीस त्याचंच वझं जास्ती व्हतं का काय, कोण जाणे. अंगात जरा जीव आला. प्रभूनं दिला, मी तर असंच म्हणते. कुणाला पटो न पटो.

उठले. "उचला," म्हणलं. तवा बाभळीच्या मागून गोपाळ आला.

आडवाटेनं येऊन तो तिथं कवाचा उभा व्हता. मयत इथं थांबणारच, हे त्याला ठाऊक. थांबलो नसतो, तर तो तिथंच उभा ऱ्हायला असता. अनवाणी, डोळे लालभडक. कुणाला न विचारता सिताराम मामाच्या जागी जाऊन त्यानं बाजेचा खूर धरला. 'आता आलास व्हय?' हे माझ्या व्हटावर आल्तं. आजवर असलं बोलणं मी कवा गिळलं न्हाई. त्या दिवशी गिळलं. म्हणलं, "चल बाबा."

खड्ड्यापाशी पास्टरनं प्रार्थना केली. गोपाळनं हात जोडले न्हाईत, पर पहिली माती त्यानंच लोटली. सगळं झाल्यावर बाकीचे वढ्यावर हातपाय धुवायला गेले. गोपाळ तिथंच उभा. माझ्याकडं न बघता म्हणला, "वहिनी, मायनं जाताना माझं नाव घेतलं व्हतं का?"

"जाताना कशाला? रोज घ्यायची," म्हणलं. "शेवटी शेवटी माणसं वळखत नव्हती ती. मी भरवायची, मी धुवायची, आन् ती मलाच गोपाळ म्हणायची."

तो खाली बसला.

"मग तुमी काय म्हणायच्या?"

"काय म्हणणार?" म्हणलं. "म्हणायची, काय गं माय."