डावी पडली

"डावी पडली," सदू गुरव म्हणाला. देवळात जमलेल्या गावाला ते ऐकूनसुद्धा पटेना.

"नाना, नीट बघा. आत उजेड कमी आहे," विनोद म्हणाला. हा मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष. शिमग्याला आला की गाव आपल्याशिवाय चालत नाही, असं त्याला वाटायचं.

"उजेडाचं काय त्यात? कळी खाली पडलीय. हातात घेऊन बग."

वाघजाईचा कौल लावायचा मान सदूच्या घराण्याचा. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आज गाऱ्हाणं होतं पाकोळ्यांचं. गाभाऱ्यावरच्या माळ्यात शेकडो पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी बारकी वटवाघळं, राहत होती. त्यांना हाकलून माळा बंद करायचा, म्हणजे नव्या पांढऱ्या लाद्या पांढऱ्या राहतील, असं मंडळाचं म्हणणं.

आता गंमत अशी, की त्या पाकोळ्यांवर सदूइतका दात गावात कुणाचाच नव्हता. जन्मभर रोज सकाळी त्यांच्या लेंड्या तो झाडत आला होता. एकदा तर मेली एक थेट नैवेद्याच्या भातात येऊन पडली होती! त्यामुळे आज गाऱ्हाण्यात त्यानं आपल्या पदरचे दोन शब्द जास्तच घातले होते. उजवी पडू दे गं माये, म्हणून मनातून हात जोडले होते. आणि पडली डावी. मग काय करणार? पडली ती पडली.

"मी सांगू का खरं?" विनोद गावाकडं वळला. "नाना त्या कॉलेजच्या बाईचे पैसे खातात. तिला वटवाघळं हवीत, म्हणून डावी पडली."

ती बाई म्हणजे नम्रता. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवायची. देवीच्या राईत वादळानं मोठी झाडं पाडली होती, तिथं गावानं किंजळ नि ऐनाची रोपं लावली होती. मागच्या पावसात तिनं त्यातल्या काही रोपांवर जाळ्या घातल्या. संध्याकाळी घालायच्या, सकाळी काढायच्या. किडे आत जातील पण पाकोळी जाणार नाही, अशा. ते काम सदू कुरकुरत का होईना करायचा. जाळीतल्या रोपांच्या पानांची अळ्यांनी खाऊन चाळण केली आणि उघडी रोपं तरारली, हे त्यानं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. रात्री पाकोळ्या पतंग खातात, म्हणून अळ्या कमी होतात, असं नम्रतानं समजावलं होतं. सदूला ते पटलं होतं, तरी लेंड्यांचा राग काही गेला नव्हता.

"मी पैसे खाऊन देवीचा कौल फिरवीन?" सदूचा आवाज चिरकला. "जीभ झडंल तुजी, विन्या!"

"मग सर्वेशला लावू दे. तोही गुरवाचाच आहे."

सर्वेश सदूच्या भावाचा मुलगा. त्यानं कौल लावला, तर पुन्हा डावी. पुन्हा लावला. शेवटी एकदाची उजवी पडली आणि मंडळीनं देवीचा जयजयकार केला. सदूनं पंच्याला हात पुसले आणि तो निघाला. त्याला कुणी थांबवलंसुद्धा नाही.

घरी बायको, काशी, भडकलीच. "उजवी पडली म्हणायचं होतंत. गाभाऱ्यात तुमच्याशिवाय कुणाला दिसत होतं?"

"मला दिसत होतं."

"मला दिसत होतं म्हणे! घराण्याचा मान घालवून आलात. आता बसा आरशात बगत."

मिरच्यांची धुरी देऊन पाकोळ्या हाकलल्या. माळ्याच्या तोंडावर पत्रा ठोकला, आणि त्यावर विनोदनं आपल्या वारलेल्या वडिलांचं नाव रंगवून घेतलं.

पावसात राईतली रोपं अळ्यांनी खाल्ली. नम्रता आली. जाळीतलं रोप आणि बाहेरचं रोप, दोन्हींची सारखीच चाळण. तिनं जाळ्या गुंडाळल्या. गावात बोलवा झाली, की हिनंच अळ्या आणून सोडल्या. एकानं तिच्या गाडीवर शेण मारलं.

गणपतीला मुंबईकर पुन्हा आले. तोवर रोपं सुकायला लागली होती आणि देवी कोपली म्हणून गाव हादरला होता. सर्वेशच्या कौलावर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता. सगळे देवळात जमले, सदूला बोलावून घेतलं.

"नाना, झालं गेलं विसरा," विनोद म्हणाला. "कौल तुम्हीच लावा. मान तुमचाच."

शिमग्यापासून सदू याच शब्दांसाठी झुरत होता.

"काय इचारू?"

"रोपं का मरतात ते."

सदू देवीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ते तिनं शिमग्यातच सांगितलान. परत इचारायला ती काय आपली मोलकरीण हाय? आदी तो पत्रा काढा."

"पत्र्यावर माझ्या बाबांचं नाव आहे, नाना. हात लावलात तर मान विसरायचा. कायमचा."

"पत्रा काढून तरी पाकोळ्या येतील काय?" सर्वेशनं विचारलं.

"काय म्हाईत," सदू म्हणाला. "बाई पन बोलली, सांगता येत नाय."

त्यानं कोपऱ्यातली शिडी ओढत आणली, भिंतीला लावली, कमरेला कोयती खोचली. म्हातारी शिडी डुगडुगत होती. सगळा गाव बघत उभा होता. धरायला एकही पुढं आला नाही. सदू दुसऱ्या पायरीवर चढला तशी शिडी सरकली, आणि कुणीतरी हसलं.

बायकांमधून काशी उठली. पदर खोचला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि विनोदकडं पाठ करून उभी राहिली.

"चढा," ती वर बघून खेकसली. "पडलात तर बगा!"

पत्र्याचा पहिला खिळा निघाला. गंज आणि चुन्याचा भुगा तिच्या केसांवर पडला, तरी तिनं हात सोडले नाहीत.