वासूचा हक्क

खिळ्याला बुटाची एक लेस तेवढी लोंबत राहिली होती, टोकाला तुटलेली... उनाइसीच्या मुलाचं, पेनीचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. उनाइसीचे खेळायचे बूट काल तोरिका घेऊन गेली. न विचारता, हसत. तोरिका धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे या गावची वासू. आजोळच्या ज्या वस्तूला वासूनं हात लावला ती तिची. नाही म्हणायची फिजीत रीतच नाही. उनाइसीनं पेनीचे जुने बूट पायात कोंबले आणि ती मैदानाकडे निघाली.

बेटावरचा बायकांचा रग्बीचा चषक कित्येक वर्षं याच गावात, चालता चालता तिच्या मनात आलं. तोरिकाचं गाव होडीतून अनवाणी यायचं, सपाटून हरायचं, वर आमच्याकडेच जेवून जायचं... आणि स्क्रममध्ये, डोकी अडकवून समोरच्या संघाला रेटताना, मान कशी ठेवायची ते त्या पोरीला मीच ना शिकवलं, कसाव्याच्या शेतात, खांद्याला खांदा भिडवून? आता तेच गाव एकही सामना न हरता अंतिम फेरीत उभं.

"डुकरं लपवा गं, वासू आली!" कडेच्या बायका ओरडल्या.

"डुकरं ठेवा तुम्हालाच," तोरिका म्हणाली. "मावशी, चषक दे. तोही आजोळचाच."

"तो मागून मिळत नाही, भवाने. घेऊन दाखव!"

चटईवर बसलेली म्हातारी मेरेवाई, उनाइसीची आई आणि तोरिकाची आजी, दोघींनाही शिव्या घालत होती.

उनाइसी बोलली खरी, पण लगेच वाकून पेनीच्या बुटांच्या लेस आवळू लागली. हरलो तर गाव म्हणणार, भाचीला दिला. आज तसूभरही कसूर नको.

खेळ संपत आलेला, गुण बरोबरीत, स्क्रम आमच्याच गोलरेषेसमोर; मागे रेटलो गेलो की चषक गेला. डोकी अडकली. तोरिकाच्या केसांना खोबरेल तेलाचा वास. उनाइसीनं सगळं पणाला लावलं, मांड्या, कंबर, इतक्या वर्षांची रग — आणि पाय मागे सरकले. कधीच न सरकलेले पाय. पुन्हा जोर लावला, खरा, होता नव्हता तेवढा, पुन्हा मागे... आणि आवळलेल्या जबड्यातून तिला हसूच फुटलं. मी देत नाहीये, ही घेतेय... केवढी झाली ही पोर!

"हसतेस काय, मावशी?" तोरिका धापा टाकत म्हणाली.

"ढकल! बोलू नकोस, ढकल!"

कडेनं म्हातारीच्या टाळ्या ऐकू येत होत्या. कुणासाठी, ते खाली मान घातलेल्या उनाइसीला कळेना, आणि कळायला हवं असंही वाटेना.

मेरेवाई त्याच वर्षी नाताळाच्या आधल्या आठवड्यात वारली; त्या टाळ्या कुणासाठी होत्या, ते उनाइसीनं तिला कधी विचारलंच नाही.