तात्यांनी आखलेले रकाने

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि सध्या एका पोलीस ठाण्याच्या भिंतीवर टांगलेला आहे. आज माझ्या अंगावर सहा पोलिसांची नावे आहेत. माझ्यावर आधी कुणाची नावे होती, ते तुम्हाला सांगतो.

जामखेडच्या एका सुताराने मला घडवले. जाड प्लायवूड, सागाची चौकट आणि वर काळ्या रंगाचे दोन हात. जवळच्याच एका गावच्या शाळेत मी एकोणीस वर्षे होतो. मग तिथे पांढरा, गुळगुळीत फळा आला आणि मला शौचालयामागे उभे केले. पावसाने माझी एक कड फुगली. पुंजाराम तात्यांनी मला तिथून डोक्यावर उचलून मारुतीच्या देवळात नेले. तात्या शेतकरी होते, शिकलेले सातवीपर्यंत. पण अक्षर असे, की लग्नपत्रिकांवर नावे लिहून घ्यायला लोक त्यांच्या ओट्यावर येत.

देवळात दर चैत्रात सप्ताह बसे. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. दर दोन तासांनी नवा माणूस ती गळ्यात घेतो, त्याला पहारा म्हणतात. तात्यांनी सुतळी ताणून माझ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने दोन रकाने आखले, वेळ आणि नाव. गावात तीन मच्छिंद्र होते, म्हणून ते खडूने पूर्ण नाव लिहीत, वडिलांच्या नावासकट आणि वस्तीसकट. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी लहानपणी माझ्यासमोर उभी राहून ती नावे वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाची. ती वाचायला माझ्यावरच शिकली.

गेल्या वर्षी निम्मे गाव ऊसतोडीला गेले होते. लोक परतले तेव्हा मागच्या डोंगराची एक बाजू नव्हती. खडीची खाण सुरू झाली होती. सुरुंगांनी पिण्याच्या विहिरीला तडे गेले आणि पाणी तळाला गेले. गावाने अर्ज केले. ग्रामसभेने खाणीविरुद्ध हात वर केले, पण कागदावर संमती निघाली.

सप्ताहाचा काला झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी लंकाबाई देवळात म्हणाल्या, "सात दिस वीना खाली टेकवली न्हाई आपन. मग खानीचा रस्ता का मोकळा सोडायचा? दोन-दोन तास पहारा लावा."

"माझा पहारा पाटंचा नगं, तात्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हशीची धार काय तुमी काढनार?"

"काढीन की. पन दूध माझ्या घरी जाईल."

सगळे हसले. तात्यांनी मला खाणीच्या रस्त्यावर लिंबाखाली उभे केले आणि एक्केचाळीस नावे लिहिली.

"नुसतं मच्छिंद्र लिवा," काकासाहेब म्हणाले. "पुरं नाव कशाला?"

"आपन काय चोरी करतोय? आन् तिघं मच्छिंद्र एकाच टायमाला आले म्हंजी?"

अकरा दिवस एकही डंपर त्या रस्त्याने गेला नाही. बाराव्या दिवशी सकाळी दहाला पोलिसांच्या गाड्या आल्या. बायका भाकरी खात बसल्या होत्या. लंकाबाईंनी डोके वाचवायला हात वर केला, तो कोपरातून मोडला. पोरांना कडेवर घेऊन पळणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर काठ्या बसल्या. या सगळ्यात एक साहेब माझ्यासमोर येऊन थांबले आणि मला सावकाश वाचू लागले.

"वा," ते म्हणाले. "यादी तयारच आहे."

त्या दुपारी गाड्या वस्ती-वस्तीवर फिरल्या. त्यांना कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. जे त्या सकाळी रानात होते, तेही उचलले गेले.

मला टेम्पोत टाकून ठाण्यात आणले आणि माझ्या चौकटीवर 'मुद्देमाल' असा कागद चिकटवला. तात्यांना माझ्यासमोरच बसवले.

"अक्षर सुंदर आहे तुझं," साहेब म्हणाले. "याच अक्षरात लिही, की या सगळ्यांनी आमच्यावर दगड मारले आणि ते मी पाहिलं. सही कर आणि घरी जा."

"दगूड कुनी मारला न्हाई, साहेब. ही नावं मी माझ्या मनानं लिवली. गुन्हा माझ्या एकट्यावर घ्या."

"एवढा रस्ता एकट्यानं अडवलास? बराच रुंद आहेस की."

शिपाई हसले. मग तात्यांचा उजवा हात टेबलावर ठेवला. एका हवालदाराने मनगट दाबून धरले. एकेका बोटावर रूळ बसे, आणि प्रत्येक बोटानंतर साहेब पेन पुढे करीत. पाचव्या बोटानंतर त्या हाताला पेन धरताच येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांना राग आला. मग पाठीची पाळी आली.

नवव्या दिवशी तात्यांना जामीन मिळाला. पुढच्या पंधरवड्यात ते गेले. कागदावर 'हृदयविकार' असे लिहिले, असे मी शिपायांच्या बोलण्यात ऐकले. त्याच आठवड्यात ठाण्याला ड्युटी लिहायला फळा हवा होता. एकाने ओले फडके आणले. यादीची नक्कल केव्हाच झाली होती, त्यामुळे खटला चालू राहिला. तात्यांच्या हातचे शेवटचे अक्षर मात्र बादलीत गेले.

महिन्याने ज्ञानेश्वरी ठाण्यात राहिलेला तात्यांचा चष्मा न्यायला आली. ठाण्यात हवालदार गोरक्षनाथ एकटेच होते. तिने मला ओळखले.

"हा फळा आमच्या देवळाचा आहे."

"मुद्देमाल हाय, ताई. देता येत न्हाई."

"यावर तात्यांनी लिहिलेली नावं होती."

हवालदार कपाटातून चष्मा काढू लागले.

"गावात म्हणतात, तात्यांनी सही करून सगळ्यांना अडकवलं," ती म्हणाली. "मातीला सात माणसं आली. लंकाबाईसुद्धा आल्या नाहीत. त्यांनी सही केली होती का?"

हवालदारांनी दाराकडे पाहिले. "न्हाई केली."

"तुम्हाला काय माहीत?"

"मनगट मीच धरलं हुतं."

मग तिने विचारले, "हे गावात येऊन सांगाल?"

"मला लेकरं हायत, ताई."

तिने चष्मा घेतला. एक काच नव्हती. माझ्यासमोर येऊन तिने पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवले. ऑइलपेंट फडक्याने जात नाही. मग लहानपणी वाची तशी तिने माझ्यावरची ड्युटीची नावे वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली. खाण रस्ता बंदोबस्त, सकाळी आठ ते दोन. शेवटचे नाव गोरक्षनाथांचे होते. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मित्रांनो, खडू हलक्या हाताने चालवा, मला पावसात ठेवू नका, एवढेच मागून मी थांबलो असतो. पण त्या टेबलासमोर मी होतो. मला तोंड नाही. हवालदारांना आहे, पण ते सांगणार नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्या गावाकडे गेलात, तर आधी लंकाबाईंच्या घरी जा. त्यांना सांगा, की तात्यांनी सही केली नाही.