दुभाषी

हेलेनाबाई पोलंडहून आल्या होत्या. वेरूळ झालं, दौलताबाद झालं. तिसऱ्या दिवशी त्या विशाखाला म्हणाल्या, "दगड पुष्कळ पाहिले. आज मला माणसं दाखव."

चार वर्षं विशाखा गाइडचं काम करत होती. इंग्रजी चांगलं, बोलणं गोड. आई गावाकडं, सोयगावला असते, असं तिनं ऑफिसात सांगून ठेवलं होतं. खरं तर आई, दगडाबाई, तिच्याचजवळ, पडेगावच्या एका खोलीत राहायची आणि दिवसभर शहरात भंगार वेचायची.

दोघी शहागंजातून पायी निघाल्या. हेलेनाबाईंची नजर बारीक. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा झोपला होता, आणि उशाला त्यानं शर्टाची नीट घडी घालून ठेवली होती. भज्यांच्या गाड्यापाशी एक बाई उकिडवी बसली होती, कढईतला चुरा मिळेल म्हणून. हेलेनाबाई थांबायच्या, वहीत लिहायच्या, विचारायच्या, "हा आजारी आहे का? याला कुणी बघत नाही?" या रस्त्यानं विशाखा नेहमी जायची, पण तो शर्ट तिनं कधी पाहिलाच नव्हता.

भाजीबाजाराच्या मागं कचराकुंडीत एक बाई वाकून प्लास्टिक वेचत होती. पाठमोरी होती, तरी विशाखानं ओळखली.

"चला, पुढं घड्याळाचा टॉवर आहे," ती घाईनं म्हणाली. पण हेलेनाबाई कुंडीजवळ पोचल्यासुद्धा. "हिच्याशी बोलायचंय मला. विचार ना."

दगडाबाईनं वर पाहिलं. लेकीचा इस्त्रीचा कुर्ता, गळ्यातलं ओळखपत्र, शेजारी गोरी बाई. मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "काय पायजे, मॅडम?"

पोटच्या पोरीला ती मॅडम म्हणाली.

"या पाहुण्या विचारतात," विशाखा म्हणाली, "किती वर्षं करता हे काम?"

"लई वर्सं झाले. नवरा वारला तवापासून."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाय."

"मुलंबाळं?"

दगडाबाईनं गोणीचं तोंड आवळलं. "नाय झाली."

विशाखानं तेवढंच इंग्रजीत सांगितलं. हेलेनाबाईंचे डोळे भरून आले. दगडाबाईचा मळका हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. विशाखा बाजूला उभी होती.

संध्याकाळी दगडाबाई भाकरी थापत होती. विशाखा दारातच बसली.

"आये, असं का बोललीस?"

"मंग काय बोलू? तुझं काम जाया पायजे का?"

"नसतं गेलं."

"मंग तू का नाय बोललीस?"

आईच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"तू आण तुझी माणसं बिनघोर," दगडाबाई म्हणाली. "मी उद्यापासून स्टेशनकडं जाते."

स्टेशनकडच्या भंगार वेचणाऱ्या बायकांनी तिला उभं राहू दिलं नाही. त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. मग ती पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्यापर्यंत चालत जाऊ लागली. यायची ती अर्धी गोणी घेऊन, सुजलेल्या पायांनी, आणि तशीच आडवी व्हायची.

एका सकाळी विशाखानं ठरवलं, आज ऑफिसात सगळं खरं सांगायचं. ती पोचली तर नवे पाहुणे गाडीत बसलेलेच होते. साहेबांनी घाई केली. ती पुढच्या सीटवर बसली, दार लावलं, आणि हसून शहराची माहिती सांगू लागली.